व्हीआयए, पॅप की एचपीव्ही? कोकणातल्या उपकेंद्रासाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरकडच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या ताई विचारतात: आमच्या हद्दीत तीस ते पासष्ट वयाच्या साधारण आठशे बायका आहेत. व्हीआयएचं, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायच्या तपासणीचं, प्रशिक्षण झालंय, पण प्रत्यक्ष तपासण्या फार थोड्या झाल्यात. गावाचं मुंबईतलं मंडळ दिवाळीनंतर पॅप स्मिअरचं, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तपासणीचं, मोफत शिबिर घ्यायला तयार आहे. आणि जिल्ह्याच्या बैठकीत ऐकलं की आता एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणीच करायची, बाकी सगळं जुनं झालं. पैसा, माणसं आणि वेळ तिन्ही कमी असताना आम्ही यातलं काय धरावं?

आधी थेट उत्तर देते. एचपीव्ही चाचणी मिळत असेल आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईवर उपचार कोण, कुठे, कोणत्या दिवशी करणार हे ठरलेलं असेल, तर एचपीव्हीच करा. ती मिळेपर्यंत व्हीआयए करा, पण देखरेखीखाली आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा. पॅपचं शिबिर घेऊ नका. हा निर्णय तुम्हाला तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, मंडळाला आणि मुख्य म्हणजे बायकांना पटवून द्यावा लागेल, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातच काम केलंय, त्यामुळे उदाहरणंही इथलीच येतील.

एचपीव्ही विषाणूच्या काही ठरावीक प्रकारांचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की हा आजार होतो. संसर्ग बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. थोड्याच जणींमध्ये तो टिकतो, गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलायला लागतात, आणि तिथून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील तर पाच ते दहा. म्हणजे आपल्या हातात दीड-दोन दशकांची मुदत असते, आणि त्या मुदतीत बदललेल्या पेशी काही सेकंदांच्या उपचाराने नष्ट करता येतात. असं असूनही २०२२ मध्ये भारतात या आजाराचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण आणि जवळपास ८०,००० मृत्यू असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या बायकांची ही तपासणी कधी तरी झाली होती त्यांचं प्रमाण देशभरात दोन टक्क्यांच्याही आत होतं. त्यामुळे कोणती चाचणी जास्त अचूक या वादापेक्षा कोणत्या चाचणीने आपण उपचारापर्यंत पोचतो हा प्रश्न मला मोठा वाटतो. खालचं सगळं त्याच नजरेने लिहिलंय.

तिन्ही पद्धतींची सगळ्यात मोठी समोरासमोर तुलना आपल्याच राज्यात झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये हे काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, आणि उरलेल्या गटांत नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी एचपीव्ही गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्या बायकांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यातली एकही त्या आठ वर्षांत या आजाराने दगावली नाही. २००९ मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले आणि जगभर धोरणं बदलायला लागली.

यावरून व्हीआयए टाकाऊ आहे असा अर्थ बरेच जण काढतात. तिथे थांबायला हवं. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये दुसरा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए तपासणी केली. तपासणाऱ्या मुली डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांनी या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात परिचारिकांनी एकदाच व्हीआयए केली, पण जिथे दिसलं तिथेच, शक्यतो त्याच बैठकीत क्रायोने, म्हणजे बदललेल्या पेशी गोठवून, उपचारही केले. तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले.

आता हे तिन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. पद्धत तीच व्हीआयए, पण धाराशिवमध्ये फरक दिसत नाही, मुंबईत आणि दिंडिगलमध्ये दिसतो. माझ्या मते कारण असं: व्हीआयएची एक फेरी बरंच काही सोडून देते. मुंबईत सुटलेलं पुढच्या फेरीत सापडत गेलं. दिंडिगलमध्ये जे सापडलं ते वाटेत हरवलं नाही, कारण बाई खाटेवरून उठायच्या आत उपचार झाला. एचपीव्ही चाचणी मात्र एकाच फेरीत इतकं पकडते की पुढची फेरी पाच-दहा वर्षांनी झाली तरी चालते. तुमच्या उपकेंद्राने व्हीआयए एकदा शिबिरात उरकली आणि बाईचं नाव लिहून तिला पाठवून दिलं, तर तुम्ही धाराशिवचा व्हीआयए गट पुन्हा करताय. ती तीन-तीन वर्षांनी केली आणि उपचार जवळ आणला, तर मुंबई-दिंडिगलच्या जवळ जाता.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. धाराशिव आणि मुंबईत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना तपासणी दिली गेली नाही, आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. म्हणूनच या अभ्यासांतून जे कळलंय ते कागदावर पडून राहणं मला सहन होत नाही.

आता कोकणाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कर्ती माणसं मुंबईला, घर आणि शेती बायकांवर, हे आपल्याला नवीन नाही. पण तपासणीच्या दृष्टीने याचा एक परिणाम फार कोणी बोलत नाही: गावात राहिलेल्या बायकांमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ आहेत. व्हीआयएमध्ये आपण गर्भाशयमुखावरची दोन प्रकारच्या पेशींची सीमा बघतो, कारण बदल तिथेच सुरू होतात. पाळी गेल्यावर ही सीमा आत नळीत सरकते. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन) लावलं, ॲसिड लावलं, मिनिटभर थांबलो, आणि दिसायला काहीच नाही. तिथे 'निगेटिव्ह' लिहिणं म्हणजे न बघितलेल्या गोष्टीबद्दल दिलासा देणं. सीमा दिसली नाही तर नोंदवहीत तसंच लिहा आणि त्या बाईला एचपीव्ही किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा. तुमच्या आठशेंपैकी पन्नाशीपुढच्या किती, हे आधी मोजा. तो आकडा मोठा निघाला तर एचपीव्हीची मागणी जिल्ह्याकडे करताना तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा तोच असेल.

पॅपविषयी माझं मत कडक आहे, म्हणून कारण नीट देते. पॅपने फिनलंड, ब्रिटनसारख्या देशांत हा आजार खूप कमी केला, यात शंका नाही. पण तिथे प्रत्येक बाईला ठरावीक वर्षांनी पत्र जायचं, काचपट्ट्या वाचणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ होते, त्यांच्या कामाची फेरतपासणी व्हायची. एका पॅपची पकड मध्यमच असते. यश येतं ते ती आयुष्यभर पुन्हा पुन्हा केल्याने. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स २०१७ मध्ये, इंग्लंड २०१९ मध्ये पॅप मागे ठेवून एचपीव्हीवर गेले. ज्यांच्याकडे सगळी यंत्रणा उभी होती त्यांनी ती सोडली, आणि आपण शिबिराच्या निमित्ताने तिची सुरुवात करायची?

शिबिरात काय होतं ते मी पाहिलंय. मंडळाच्या गाडीतून डॉक्टर येतात, शंभर-सव्वाशे बायका रांगेत, काचपट्टीवर नमुना पसरून लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचा तर गडबडीत ती दमट हवेत तशीच राहते, पेशी सुकतात आणि वाचण्यासारख्या राहत नाहीत. अहवाल मुंबईहून पाच-सहा आठवड्यांनी येतात. तोवर डॉक्टर परत गेलेले, मंडळाचे कार्यकर्ते परत गेलेले, आणि कागदांचा गठ्ठा सरपंचांच्या कपाटात. 'नमुना अपुरा' असा शेरा असलेल्या बाईला पुन्हा बोलवायचं कोणी? शंकास्पद निघालेल्या बाईला कॉल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी), मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), मग उपचार अशा आणखी तीन खेपा. वेळणेश्वरहून चिपळूणला जाऊन येणं म्हणजे मजुरीचा अख्खा दिवस, आणि सोबत कोणी हवंच. पॅपमध्ये बाई हरवते ती याच वाटेवर.

व्हीआयएचं मोठं बळ हे की उत्तर मिनिटात मिळतं आणि सामान उपकेंद्रात मावतं. पण ती सोपी दिसते म्हणून कशीही केली जाते. पाच टक्के ॲसेटिक ॲसिड म्हणजे पाच मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि पंच्याण्णव मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. रोज ताजं करा, उरलेलं संध्याकाळी ओतून द्या. किराणा दुकानातलं व्हिनेगर वापरू नका, त्याच्या तीव्रतेचा भरवसा नाही. आणि न मिसळलेलं ग्लेशियल ॲसिड चुकून लागलं तर भाजतं, म्हणून ती बाटली वेगळ्या कपाटात ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबा. घाईत वीस सेकंदांत बघितलं तर फिकट दिसणारा डाग सुटतो. पॉझिटिव्ह म्हणायचा डाग दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला आणि त्या सीमेला चिकटलेला असतो. सुजेमुळे आलेला विरळ, विखुरलेला पांढरेपणा, छोट्या गाठी, पॉलिप हे सगळं पॉझिटिव्ह नाही. प्रकाश चांगला हवा. पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलच्या उजेडात व्हीआयए करू नका, चार्जिंगवर चालणारा चांगला दिवा घ्या.

आणि स्वतःचे आकडे बघत जा. धाराशिवमध्ये व्हीआयए पॉझिटिव्ह १३.९ टक्के होत्या, एचपीव्ही १०.३ टक्के, पॅप ७ टक्के. पण खरोखर उपचाराची गरज असलेले बदल तिन्ही गटांत साधारण एकेक टक्काच सापडले. म्हणजे व्हीआयए पॉझिटिव्ह बायकांपैकी बहुतेकींना मोठं काही नसतं, हे त्यांना सांगताना तुम्हाला ठाम माहीत हवं. तुमच्याकडे दोनशे तपासण्यांत एकही पॉझिटिव्ह नसेल, किंवा दर तिसरी पॉझिटिव्ह येत असेल, तर डोळा पुन्हा घडवायची वेळ आली असं समजा. स्त्रीरोगतज्ज्ञांना महिन्यातून एकदा सोबत बसवा. बाईची संमती घेऊन, चेहरा आणि नाव न दिसता काढलेला गर्भाशयमुखाचा फोटो त्यांना दाखवता आला तर आणखी चांगलं. फोटोवरून संगणकाने निदान करणारी उपकरणं आता बाजारात येतायत. शिकायला त्यांचा उपयोग करा, निर्णय त्यांच्यावर सोडू नका.

आता एचपीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती एचपीव्ही डीएनए चाचणीला दिली: सामान्य बायकांमध्ये तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. आणि जिथे ही चाचणी अजून पोचली नाही तिथे तोवर दर तीन वर्षांनी व्हीआयए किंवा पॅप. संघटनेचं २०३० चं लक्ष्य असं आहे की सत्तर टक्के बायकांची चांगल्या दर्जाची चाचणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा व्हावी. आयुष्यात दोनदा. आपल्या वाड्यावाड्यांतून विखुरलेल्या वस्तीत हे जमण्यासारखं आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक बाईला स्पेक्युलमपर्यंत आणणं त्याहून कितीतरी अवघड आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमाच्या २०१६ च्या सूचनांत मात्र तीस ते पासष्ट वयात पाच वर्षांनी व्हीआयए हेच आहे, त्यामुळे तुमचं आजचं काम त्याच चौकटीत मोजलं जाणार, हेही लक्षात ठेवा. तीन वर्षांनी तपासणी करायला ती चौकट अडवत नाही.

एचपीव्हीची जी गोष्ट मला कोकणासाठी सगळ्यात मोलाची वाटते ती म्हणजे बाईने स्वतः घेतलेला नमुना. मऊ ब्रश किंवा स्वॅब योनीमार्गात आत घालून हलकेच फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. पीसीआर पद्धतीच्या चाचण्यांत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरलाय. टेबल नको, स्पेक्युलम नको, पाय पसरून झोपायला नको. आमच्याकडे बायका तपासणीला नाही म्हणतात त्यातलं निम्मं कारण तिथेच संपतं. शिवाय उपकेंद्रात निर्जंतुक स्पेक्युलम किती, यावर दिवसाला किती बायका होतील हे ठरतं. ती अडचणही जाते. आशाताई घरी जाऊन समजावून सांगतात, बाई न्हाणीघरात जाऊन नमुना घेते, पाच मिनिटांत काम होतं. पाळी चालू असताना आणि गरोदरपणात घेऊ नका. नावं लिहिताना मात्र जपा. एका वाडीत एकच भावकी, एकच आडनाव, सुनीता तीन आणि मनीषा चार, हे नेहमीचं आहे. नवऱ्याचं नाव, वय आणि मोबाइल किंवा आभा क्रमांक नळीवर नमुना देणाऱ्या बाईसमोरच चिकटवा. चुकीच्या बाईला पॉझिटिव्ह सांगितलं तर त्या वाडीत पुन्हा कोणी नमुना देणार नाही.

चाचणी कुठे करायची? गोव्यात मुख्यालय असलेल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी आणि कोविडच्या काळात बऱ्याच सरकारी ठिकाणी आलं. ते बॅटरीवरही चालतं, आणि त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. म्हणून आधी तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हे यंत्र आहे का आणि त्यावर क्षयरोगाचं किती काम असतं ते विचारा. एकेका नमुन्याला तासाभराचा वेळ लागतो, त्यामुळे दिवसाला मोजकेच नमुने पाठवता येतील. आठवड्याला पंधरा-वीस असा हळू ओघ ठेवला तर हे यंत्र पुरतं. चिप घेताना ती विषाणूचे किती प्रकार शोधते हे विचारून घ्या. सुरुवातीची चिप चारच प्रकार शोधायची, नंतर आठ प्रकारांची आली. सोळा आणि अठरा हे दोन प्रकार सत्तर टक्क्यांहून जास्त कर्करोगांमागे असतात, त्यामुळे ते तरी वेगळे कळायला हवेत. आणि तिशीच्या आतल्या मुलींची ही चाचणी करू नका. त्या वयात संसर्ग भरपूर सापडतो आणि बहुतेक जातो, हाती फक्त भीती उरते.

पॉझिटिव्ह आल्यावर काय, हा भाग मी सगळ्यात लांबवणार आहे, कारण कार्यक्रम तिथेच तुटतात. चाचणी सुरू करण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून एक दिवस लिहून घ्या: महिन्याचा दुसरा मंगळवार असो की कुठलाही, त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात पॉझिटिव्ह बायका बघितल्या जातील आणि ज्यांच्यावर शक्य आहे त्यांच्यावर तेव्हाच उपचार होईल. असा दिवस ठरत नसेल तर चाचणी पुढे ढकला, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. आठशेंपैकी समजा सहाशेंनी नमुना दिला आणि त्यांतल्या सहा ते दहा टक्के पॉझिटिव्ह आल्या, तर छत्तीस ते साठ बायका होतात. वर्षभरात वाटल्या तर महिन्याला तीन ते पाच. एवढ्यांना प्रत्येकीचा हात धरून नेता येतं.

त्या दिवशी गर्भाशयमुख ॲसेटिक ॲसिड लावून बघतात. सोळा किंवा अठरा प्रकार असेल तर डाग दिसो न दिसो, उपचार किंवा कॉल्पोस्कोपीकडे. इतर प्रकार असतील आणि डाग दिसला तर उपचार, नाही दिसला तर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी. कर्करोगाचीच शंका आली तर जाळण्या-गोठवण्याचा उपचार अजिबात नाही, आधी बायोप्सी. डाग आत नळीत गेलेला असेल किंवा गर्भाशयमुखाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापत असेल तर लीपसारखी (विजेच्या तारेने तो भाग कापून काढायची) छोटी शस्त्रक्रिया, त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय.

उरलेल्या बहुतेक बायकांसाठी थर्मल ॲब्लेशन पुरतं. हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं उपकरण, शंभर अंश तापलेलं टोक वीस-तीस सेकंद टेकवायचं, बहुतेक वेळा भूल लागत नाही. आधी सगळीकडे क्रायो असायचं. त्याला नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं, ते भरून आणायला घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा मुंबईहून मागवायचं, आणि जुलैत दरड कोसळली की उपचार बंद. थर्मल उपकरणाने ही अडचण काढून टाकली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये त्याच्या वापराच्या सूचना दिल्या. उपचारानंतर दोन-तीन आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं, हे आधी सांगा, नाहीतर बाई घाबरून खासगी दवाखान्यात जाते आणि पिशवीच काढून बसते. चार आठवडे शरीरसंबंध टाळायचा. बारा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

आता जे बोलायला अवघड आहे ते. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो. नवरा मुंबईला, बाई गावात, आणि हातात 'पॉझिटिव्ह'चा कागद. घरात काय होऊ शकतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. म्हणून नमुना घ्यायच्या आधीच, सगळ्या बायकांना एकत्र बसवून सांगा: हा विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच कधी तरी होतो, तो दहा-पंधरा वर्षं शांत राहू शकतो, आणि तो कोणाकडून, कधी आला हे जगातली कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. ही कर्करोगाची चाचणी नाही, पुढे कर्करोग होऊ नये म्हणून आधी बघायची चाचणी आहे. निकाल फक्त त्या बाईला, एकांतात, तोंडी सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. घरात मोबाइल मुलाच्या हातात असतो. सासूला, दिराला, मंडळाच्या कार्यकर्त्याला यादी दाखवायची नाही, त्यांनी शिबिराचा खर्च केला असला तरी.

वेळेचं गणित गावागणिक वेगळं ठेवा. शेतीच्या वाड्यांत जून-जुलै लावणी, भाद्रपदात गणपती आणि घरभर चाकरमानी, मार्चपासून काजू-आंबा. तिथे दिवाळीनंतर ते शिमग्याआधी हा काळ बरा. मासेमारीच्या वस्त्यांत उलट: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाजार थंडावतो, तेव्हा तिथल्या बायकांना एरवी कधी मिळत नाही एवढी उसंत मिळते. पण त्याच दिवसांत खाडी ओलांडायची तर, म्हणजे बोट, बंद पडू शकते, म्हणून नमुने त्यांच्याच वाडीत घ्यायचे. थर्मल उपचार लावणीच्या तोंडावर करू नका. त्या बायका दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभ्या राहणारच, कितीही सांगितलं तरी.

मंडळाला काय सांगायचं? त्यांची कळकळ खरी आहे, तिला नाही म्हणू नका. शिबिराचे पैसे वेगळीकडे वळवायला सांगा. सरकारी पुरवठा होईपर्यंत एचपीव्हीच्या चिप किंवा ब्रश, ग्रामीण रुग्णालयाला एक थर्मल उपकरण, आणि पॉझिटिव्ह बायकांच्या गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा छोटा निधी. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि बायका उपचाराला पोचतात त्या बहुतेक वेळा तिच्यामुळेच. कर्करोगच निघाला तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार मोफत होऊ शकतात, पण त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळलेलं लागतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असण्याची तक्रार आपल्याकडे दर दुसऱ्या घरात आहे. ते काम मंडळाचे तरुण आत्ताच, कोणी आजारी पडायच्या आधी, करून ठेवू शकतात.

लसीबद्दलही विचारलं जाईल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळतेय, मुलींना ती द्यावीच. पण आज पस्तीस-चाळीस-पन्नाशीत असलेल्या तुमच्या आठशे बायकांना तिचा उपयोग जवळजवळ नाही, आणि लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागणारच.

यादी करताना दोन प्रकारच्या बायका वेगळ्या काढा. पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. गर्भाशयमुखासकट पूर्ण पिशवी, आणि कर्करोग किंवा त्याआधीच्या बदलांशिवाय दुसऱ्या कारणाने काढली असेल, तर त्यांना ही तपासणी लागत नाही. मात्र शस्त्रक्रियेचा कागद बघा, कारण तोंड ठेवून वरची पिशवी काढलेली असू शकते. दुसऱ्या म्हणजे ज्यांना पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय, संबंधानंतर रक्त जातंय, किंवा दुर्गंधी पाणी जातंय. त्यांचा ब्रशने नमुना घेऊन निकालाची वाट बघत बसू नका. या चाचण्या काही त्रास नसलेल्या बायकांसाठी आहेत. त्रास असलेल्या बाईची त्याच आठवड्यात स्पेक्युलमने तपासणी झाली पाहिजे आणि गरज वाटली तर बायोप्सी. तुमच्याकडे ते होत नसेल तर तिला चिठ्ठी देऊन सोडू नका. रुग्णालयात फोन करा, कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते नावानिशी सांगा, आणि ती पोचली का हे दोन दिवसांनी आशाताईंना विचारा.